भिंतीची ओल आणि गणपतीपूर्वीची रंगरंगोटी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आषाढ सरत आला की आमच्या किनारपट्टीच्या गावांतून रंगाऱ्यांची शोधाशोध सुरू होते. गणपती महिना-सव्वा महिन्यावर आलेले असतात, मुंबई-पुण्याची माणसे घरी यायची असतात, आणि दीड महिन्याच्या पावसाने आतल्या भिंतींवर काळे-पिवळे डाग उमटवलेले असतात. तशा भिंतीसमोर देव बसवणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही, आणि ही भावना मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही बांधकामांवर देखरेख करण्यात उमेदीची सगळी वर्षे घालवलेला माणूस या नात्याने मला आपल्या वाचकांना कळकळीने सांगायचे आहे, की ओलावलेली भिंत श्रावणात रंगवू नये. त्या रंगाचा खर्च तर वाया जातोच, शिवाय भिंतीतले पाणी आत कोंडले जाऊन पुढच्या वर्षी ओल आणखी वर चढते. पावसाळ्यात ओलीचे मूळ शोधून ठेवावे आणि दुरुस्तीचे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यामागची कारणे सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता क्वचितच ८० टक्क्यांच्या खाली उतरते. बाहेरून पाऊस आणि आतून दमट हवा अशा स्थितीत भिंतीत शिरलेल्या पाण्याला उडून जायला वावच मिळत नाही. अशा भिंतीवर पुट्टी ओढून वर प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले, तर वरचा थर दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, मालक समाधानी होतो आणि रंगारी मजुरी घेऊन पुढच्या घरी जातो. भिंत मात्र आतून तितकीच ओली असते. ऑक्टोबरची उन्हे पडू लागली की ते पाणी बाहेर यायला निघते, वाटेत रंगाचा थर आडवा येतो, आणि पाणी आपल्याबरोबर आणलेले क्षार त्या थरामागे सोडून देते. क्षारांचे स्फटिक वाढताना गिलाव्याला आणि रंगाला आतून रेटतात. परिणामी दिवाळीच्या सुमारास भिंतीला फुगे धरतात आणि पोपडे सुटू लागतात.

असा एखादा पोपडा हातात घेऊन उलटा करून पाहावा. कडेला गेल्या काही वर्षांचे रंग एकाखाली एक दिसतात, पिस्ता, गुलाबी, बदामी. त्यांच्या मागचा पुट्टीचा पांढरा थर ओलसर आणि भुसभुशीत झालेला असतो, आणि उघड्या पडलेल्या गिलाव्यावर बोट फिरवले तर वाळू सुटून हाताला लागते. तिथे कापसी, पांढरी भुकटी जमलेली दिसते, ती चमचाभर पाण्यात टाकली तर बघता बघता विरघळते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. ही भुकटी आणि बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे घरोघरी उलटे उपाय होताना मी पाहिले आहेत. लोणा पाण्यात विरघळतो म्हणून तो ओल्या फडक्याने पुसला की मीठ पुन्हा भिंतीतच शिरते. तो कोरड्या ब्रशने झाडून, खाली कागद धरून, घराबाहेर टाकला पाहिजे. बुरशीचे याच्या अगदी उलट आहे. काळे, हिरवट ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. ती कोरडी घासली तर तिचे सूक्ष्म बीजाणू घरभर उडतात, म्हणून ती साबणाच्या पाण्याने भिजवूनच, नाकातोंडावर रुमाल बांधून, पुसावी आणि ती जागा पंख्याखाली वाळवावी. ब्लीचचे द्रावण वापरणाऱ्यांनी ते संडास धुण्याच्या आम्लाबरोबर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

ओल भिंतीवर दिसायला सारखीच दिसली, तरी तिच्या येण्याच्या वाटा निरनिराळ्या असतात. जमिनीलगत सुरू होऊन कमरेच्या आसपास थांबणारा सलग पट्टा असेल, त्याची वरची कड वेडीवाकडी पण साधारण एका पातळीत असेल आणि तिथेच लोणा अधिक जमत असेल, तर पाणी पायातून वर चढते आहे. डाग पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर असतील, विशेषतः खिडकीखालच्या कोपऱ्यांत किंवा तुळई आणि भिंत जिथे भेटतात त्या सांध्यात असतील, आणि मोठी झड येऊन गेल्यावर ते गडद व चार दिवसांच्या उघडिपीनंतर फिकट होत असतील, तर पाऊस भिंतीतून आरपार येतो आहे. चैत्र-वैशाखातही तितकाच ओला राहणारा डाग पावसाचा नव्हे. त्याच्या पलीकडे न्हाणीघर, मोरी किंवा भिंतीत गाडलेली नळाची वाहिनी असते, आणि तिथे प्लंबरलाच बोलवावे लागते. चौथा प्रकार हवेतल्या बाष्पाचा. तो ओळखण्यासाठी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब फॉइलच्या बाहेरच्या अंगाला असतील तर पाणी खोलीतल्या हवेचे, आणि भिंतीकडच्या अंगाला असतील तर ते भिंतीतले. या परीक्षेला दमडीचा खर्च नाही, आणि तरीही हजारो रुपयांचे वॉटरप्रूफिंग ठरवण्यापूर्वी ती क्वचितच केली जाते याचे मला वाईट वाटते.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट अवश्य करावी. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तसेच करावे. मार्गशीर्षात गवंड्याला बोलावून ‘इथे ओल येते’ असे सांगितले तर तोपर्यंत भिंत वाळलेली असते आणि तोही अंदाजानेच काम करतो. भिंतीवर तारखांच्या रेघा असतील तर पाणी कोठून निघाले आणि कोठवर गेले हे त्याला समोर दिसते.

आता आपल्या भिंतींविषयी. आपली बहुतेक घरे जांभ्याच्या चिऱ्याची आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो, पण त्याची छिद्रे कायम राहतात आणि तो पाणी पितो. जांभ्याच्या चिऱ्यासाठी जे भारतीय मानक आहे त्यात चिऱ्याने आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषू नये अशी मर्यादा घातली आहे. ३० किलोचा चिरा धरला तर या मर्यादेत बसणारा चांगला चिरासुद्धा साडेतीन लिटरांच्या आसपास पाणी पोटात घेऊ शकतो, आणि एका भिंतीत असे किती चिरे असतात हे वाचकांना ठाऊक आहे. हे जांभ्याचे वैगुण्य समजण्याचे कारण नाही. पाणी घेणारी भिंत ते सोडूनही देते. फक्त तिला तशी मोकळीक हवी. जुन्या घरांत चिऱ्यांच्या सांध्यात माती किंवा चुना असे, आतून चुन्याचा गिलावा आणि वर सफेदी असे, आणि हे सगळे थर वाफेला वाट देणारे होते. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत आणि तो घाण्यात मळून वापरत. पावसात भिंत ओलावे आणि हिवाळ्यात वाळून जाई. त्या घरांत ओल नव्हती असा दावा मी करणार नाही, कारण दरवर्षी सफेदी करावी लागे, सारवण करावे लागे, आणि हे श्रम मुख्यतः घरातल्या बायकांच्या वाट्याला येत. पण त्या भिंती पिढ्यान् पिढ्या टिकल्या. आज त्याच जांभ्यावर आपण आतून-बाहेरून सिमेंटचा कडक गिलावा चढवतो. सिमेंट चिऱ्यापेक्षा ताठ असते. उन्हापावसात दोन्ही वेगवेगळे हलतात, गिलाव्याला केसाएवढ्या चिरा जातात, त्यांतून पाऊस आत शिरतो, आणि वाळण्याची वाट मात्र त्याच गिलाव्याने आणि वरच्या रंगाने जवळजवळ बंद केलेली असते.

यात भर पडते ती वाळूतल्या मिठाची. किनाऱ्यालगतच्या बांधकामांत खाडीची रेती सर्रास वापरली गेली आहे आणि ती गोड्या पाण्याने नीट धुण्याची तसदी क्वचितच घेतली गेली. मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतः त्यात विरघळते. आमच्याकडे पावसाळाभर हवा त्या मर्यादेच्या वरच असते. त्यामुळे ज्या भिंतीच्या गिलाव्यात खारी रेती आहे ती भिंत छप्पर, नळ, पाया सगळे ठीक असतानाही आषाढात ओली दिसते आणि माघात आपोआप कोरडी होते. अशा घरांत मी छपरांवर पुन्हा पुन्हा खर्च झालेला पाहिला आहे, आणि दोष छपराचा नव्हताच. येथे एकच खात्रीचा उपाय आहे. बिघडलेला गिलावा डागाच्या वरच्या कडेपासून हातभर वरपर्यंत खरवडून काढायचा, चिऱ्यांचे सांधे खोल मोकळे करायचे, कोरड्या ब्रशने लोणा झाडत राहायचे आणि भिंत हिवाळाभर उघडी ठेवून वाळू द्यायची. त्यानंतर नदीची किंवा धुतलेली रेती वापरून, आणि शक्य असेल तिथे चुन्यातच, नवा गिलावा करायचा. क्रशची वाळू आता बहुतेक तालुक्यांत मिळते आणि तिच्यात मीठ नसते. ही बाब गिलाव्यापुरती मर्यादितही नाही. सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड असू नये असे आयएस ४५६ : २००० हे मानक सांगते, कारण मिठाने सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबच्या खपल्या खाली पडतात. छताच्या खपल्या पडणाऱ्या खोलीत मुले झोपत असतील तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी अभियंत्याला बोलवावे.

पायातून चढणाऱ्या ओलीकडे वळतो. समईची वात तेल ओढते तसे सूक्ष्म छिद्रांचे चिरे जमिनीतले पाणी वर ओढतात, आणि ते अडवण्यासाठी जोत्याच्या माथ्यावर, जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर उंचीवर, पाणी न झिरपणारा सलग थर घालावा लागतो. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. साधारण चार सेंटिमीटर जाडीचे घट्ट काँक्रीट, त्यात पाणीरोधक मिश्रण आणि वर डांबराचा हात, एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि संपूर्ण घराच्या खर्चात तो नगण्य ठरतो. दुर्दैवाने नेमका हाच थर टाळला जातो, कारण तो नंतर कोणाला दिसत नाही. जुन्या घराला तो नसेल तर आता भिंत कापून घालणे अवघड व जोखमीचे आहे. जोत्यालगत भोके पाडून रसायन भरण्याची पद्धत आहे, परंतु जांभ्याच्या जाड, मातीने सांधलेल्या भिंतीत ते रसायन सलग पसरेल याची खात्री देता येत नाही, म्हणून तो मार्ग सर्वांत शेवटी धरावा असे माझे मत आहे. त्याआधी बाहेरची जमीन पाहावी. अंगणातली भर, भिंतीला टेकून केलेली फुलझाडांची आळी, आणि अलीकडे हौसेने बसवलेले पेव्हर ब्लॉक यांनी अंगणाची पातळी जोत्यापर्यंत किंवा त्याच्याही वर आलेली असते. जमिनीतले पाणी मग डीपीसीला वळसा घालून थेट भिंतीत जाते. भिंतीलगतची माती हात-दीड हात रुंदीत खाली उतरवून, तिथे खडी भरून आणि उतार घराबाहेर काढून दिला, तर पुष्कळ घरांत निम्मे काम होते. पागोळ्यांचे पाणी कठीण फरशीवर आपटून भिंतीच्या तळाशी उडते, म्हणून पन्हळ लावावी किंवा पागोळ्या पडतात तेवढ्या पट्ट्यात फरशीऐवजी खडी ठेवावी.

हे सगळे करण्याऐवजी खालच्या चार फुटांवर टाइल्स बसवण्याची किंवा पीव्हीसीचे पॅनेल ठोकण्याची पद्धत आता फार पसरली आहे. तिच्याविरुद्ध मला स्पष्ट लिहिले पाहिजे. टाइल्समुळे पाण्याची बाहेर पडण्याची खालची जागा बंद होते आणि ओल टाइल्सच्या वर निघते. चार फुटांची ओल सहा फुटांवर गेल्याचे मी पाहिले आहे. पॅनेलच्या मागे तर अंधार, ओलावा आणि कोंडलेली हवा असते, तिथे बुरशी आणि वाळवी दोन्ही वाढतात आणि दाराच्या चौकटीला वाळवी लागेपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. ओल्या भिंतीत विजेच्या तारा आणि स्विचबोर्ड असतील तर धोका जिवाचा आहे. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, प्रत्येक घराच्या मुख्य बोर्डावर असलाच पाहिजे, आणि ज्या बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात तो त्याच दिवशी बंद करून तारतंत्री बोलवावा.

पावसाची झड अडवण्याचे ज्ञान तर आपल्या घरांच्या आकारातच होते. उतरते कौलारू छप्पर, भिंतीच्या बाहेर दोन-तीन फूट आलेली वळचण, पश्चिमेला पडवी, आणि पावसापूर्वी उघड्या अंगाला बांधलेली झावळ्यांची झापे, यांमुळे पावसाचा थेंब मुख्य भिंतीपर्यंत पोहोचतच नसे. आज सपाट स्लॅब, छज्जे कापलेल्या खिडक्या आणि थेट पावसात उभ्या असलेल्या भिंती हा शहरातल्या इमारतींचा आराखडा आपण जसाच्या तसा किनाऱ्यावर आणला आहे. नवे घर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे की बाकी हौसेत काटकसर करावी, पण प्रत्येक खिडकीवर निदान दीड-दोन फुटांचा छज्जा घ्यावा, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवण्यास गवंड्याला सांगावे आणि खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार द्यावा. ही बोटभर खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून आत चालत येते आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात दरवर्षी त्याच जागी डाग पडतो. स्लॅबवर पत्रे घालणाऱ्यांनी ते भिंतीशी कापून न टाकता निदान तीन फूट बाहेर काढावेत, म्हणजे छपराबरोबर भिंतीही वाचतील. उघड्या चिऱ्याची भिंत असेल तर तिच्यावर पाणी आत न घेणारे पण वाफ बाहेर सोडणारे सिलेन-सिलोक्सेन प्रकारचे द्रावण उन्हाळ्यात, भिंत पूर्ण वाळल्यावर, मारता येते. त्यावर चकचकीत वार्निश मारण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्याने वाफ कोंडते.

चाकरमान्यांच्या बंद घरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. मे महिन्यात कुलूप लागलेले घर गणपतीला उघडते, तेव्हा कपाटाच्या पाठीवर, गाद्यांवर आणि देवघराच्या कोपऱ्यांत बुरशी धरलेली असते, जरी छपरातून थेंबही गळलेला नसतो. बंद, न हललेली दमट हवा एवढे कारण त्याला पुरते. जाताना कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, त्यांची दारे किलकिली ठेवावीत, छताजवळची झरोक्यांची जाळी बुजवू नये, आणि शेजारच्या विश्वासू माणसाकडे किल्ली देऊन उघडिपीच्या दिवशी खिडक्या उघडायला सांगावे. राहत्या घरांत ओले कपडे खोलीत वाळत घालणे हे बाष्पाचे मोठे कारण आहे. शक्य असेल तर ते पडवीत घालावेत, नाहीतर एकाच खोलीत, पंखा लावून आणि आतले दार मिटून घालावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा व श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात हे त्यांत नमूद आहे. घरातले लहान मूल किंवा वृद्ध माणूस सतत खोकत असेल तर त्याचा पलंग ओल्या भिंतीपासून आजच हलवावा.

तालुक्याच्या गावांत आता सदनिका झाल्या आहेत, त्यांतील रहिवाशांसाठी थोडक्यात लिहितो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील रचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करावयाचा आहे. ओलीची तक्रार तोंडी न करता छायाचित्रांसह लेखी करावी आणि पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जाता येते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसामुळे होणारी गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेची आहे, तर वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून होणारी गळती संबंधित सदस्यांनी दुरुस्त करावयाची असते. फॉइलची परीक्षा आणि तारखांच्या रेघा अशा वादांतही उपयोगी पडतात.

मग येत्या गणपतीला भिंतीचे काय करावे, हा प्रश्न उरतोच. फुगलेला रंग आणि सुटलेली पुट्टी पत्र्याने खरवडून टाकावी, लोणा कोरडा झाडावा, बुरशी पुसावी, आणि रंग निघालेल्या त्या भागावर कळीचा चुना विरवून, गाळून, त्याची पातळ सफेदी द्यावी. चुना ओलसर भिंतीलाही धरतो, वाफ अडवत नाही, आणि त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशी काही काळ दबून राहते. मात्र प्लास्टिक पेंटवर तो बसत नाही, म्हणून खरवडणे नीट झाले पाहिजे, आणि चुना विरवताना डोळ्यांना चष्मा असावा. सफेदीत नीळ, गेरू किंवा पिवडी घातली तर रंगही सुरेख येतो. सिंधुदुर्गात गणपतीमागच्या भिंतीवर चित्र काढण्याची जी रीत आहे ती अशाच भिंतींवर वाढली, आणि ती चित्रे दरवर्षी नवी काढायची असल्याने टिकाऊ रंगाची तिथे गरजही नव्हती. ज्यांना चुना नको असेल त्यांनी लाकडी चौकटीवर कापड ताणून मखराच्या मागे, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून, उभे करावे. रंगाचे काम माघ-फाल्गुनात, आणि नवा सिमेंटचा गिलावा झाला असेल तर तो निदान २८ दिवस वाळल्यानंतर काढावे. तेव्हा रंगारी मोकळे असतात, घाई नसते, आणि मजुरीही बेताची असते.

अखेरीस दोन गोष्टी सार्वजनिक यंत्रणांकडे मागायच्या आहेत, आणि त्यांसाठीच हे पत्र आपल्या दैनिकाकडे पाठवीत आहे. ग्रामपंचायती आणि नगरपंचायती रस्त्यांवर दर काही वर्षांनी डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर जुन्या थरावरच चढवतात. रस्ता वीतभर उंच होतो, दोन्ही बाजूंच्या घरांची जोती तेवढी जमिनीत जातात आणि रस्त्याचे पाणी लोकांच्या ओटीवर येते. घरमालकाने लाख उपाय केले तरी ही ओल त्याच्या हातातली राहत नाही. जुना थर खरवडून मगच नवा थर घालावा आणि रस्त्याची पातळी लगतच्या जोत्यांपेक्षा खाली ठेवावी, अशी अट प्रत्येक निविदेत असली पाहिजे, आणि ग्रामसभांनी तसे ठराव करावेत.

दुसरी मागणी घरकुलांविषयी आहे. प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण अंतर्गत मिळणारे अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार दिले जाते आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले जाते. जोत्याच्या टप्प्याचे छायाचित्र घेताना त्यावर डीपीसीचा थर घातला आहे की नाही, आणि जोते लगतच्या जमिनीपेक्षा पुरेसे उंच आहे की नाही, हे किनारपट्टीच्या जिल्ह्यांत तपासणे बंधनकारक करावे. ज्या कुटुंबाला आयुष्यात एकदाच घर बांधता येणार आहे, त्याच्या भिंती पहिल्याच पावसाळ्यात ओल धरतात आणि दुरुस्तीसाठी त्याच्याकडे काही उरलेले नसते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने यंदाच्या दिवाळीपूर्वी, म्हणजे नव्या घरकुलांची जोती भरण्याआधी, तसे लेखी निर्देश द्यावेत, आणि आपल्या वार्ताहरांनी त्याचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
बांधकाम देखरेखीतून निवृत्त झालेला एक वाचक,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग